भिंतीवरून गेलेला दिवस

लेकीने मातीचं कासव केलं होतं. त्याला टेबलावर केसभर सरकवायचं, फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचं. सकाळपासून तिचं हेच चाललेलं. संध्याकाळी तिने सगळे फोटो मोबाइलवर एकापाठोपाठ पळवले आणि कासव चक्क चाललं! मी टाळ्याच वाजवल्या.

"आई गं, पडदा लावायचा राहिला!" तिने कपाळावर हात मारला. फोटोंत कासवामागच्या भिंतीवरून खिडकीतलं ऊन सरसर धावत गेलं होतं. "आता सगळं पुन्हा."

मी मात्र बघतच राहिले. इतकी वर्षं या घरात आहे, पण दिवस जाताना कधी दिसला नव्हता. आज दिसला, कासवाच्या चार पावलांत.

"हे फोटो पुसू नकोस गं," मी म्हटलं. "यात आपला आजचा अख्खा दिवस आहे."