अकोटच्या करीमभाईंचा पाय आणि आमचे खंडारे सर

डॉ. विनायकराव खंडारे सर पहिल्या भेटीत माझ्यावर रागावले होते की माझी चौकशी करत होते, हे मला तेव्हा कळलेच नाही. मी पुण्याची, लग्न होऊन अकोल्यात आलेली नवखी भूलतज्ज्ञ. शस्त्रक्रियागृहाच्या दारात उभी होते. हात धुता धुता सरांनी मान वळवली आणि विचारले, "काहून आल्या तुमी इकडं?" मला वाटले, आपण चुकीच्या जागी शिरलो. मी निमूट बाहेर पडले. सिस्टर मागोमाग आल्या आणि म्हणाल्या की, सर फक्त पुण्याहून इकडे कशा आलात, सासर कुठले, ते विचारत होते.

सरांच्या पंच्याहत्तरीनिमित्त निघणाऱ्या अंकासाठी लिहायला बसले आहे, आणि त्यांच्याविषयी ठाम म्हणता येईल असे माझ्याजवळ फार थोडे आहे. रक्तवाहिन्यांचे शल्यचिकित्सक म्हणून त्यांचा लौकिक अकोला-अमरावतीत सर्वांना ठाऊक आहे. माणूस म्हणून ते मला पुरते उलगडलेले नाहीत. वऱ्हाडात कापसाचे दिवस वाईट होते, तेव्हाची गोष्ट. आमच्या अतिदक्षता विभागात कीटकनाशक प्यालेले शेतकरी सतत येत. त्यांतला एकही सरांचा नसे. तरी संध्याकाळी सर बाहेर जाऊन त्यांच्या नातेवाइकांजवळ जमिनीवर बसत. हे कशासाठी, असे मी एकदा विचारले. "मालूम नाई," एवढेच उत्तर मिळाले.

त्याच काळात अकोटचे करीमभाई आले. ते दर्जी होते, पायाने मशीन चालवणारे. लग्नसराई मंदावली होती, हाताला काम कमी, म्हणून त्यांनी पायाचे दुखणे बरेच दिवस अंगावर काढले. आले तेव्हा दोन बोटे काळी पडली होती आणि तळपाय थंडगार होता. दुसऱ्या एका शहरात त्यांना पाय कापायला सांगितले होते.

तपासणीत धमनी दोन ठिकाणी बंद निघाली, एक ओटीपोटात आणि एक जांघेत. पोट उघडून मोठी शस्त्रक्रिया करावी, तर हृदय कमजोर. नुसता स्टेंट घालावा, तर जांघ उठता-बसता वाकते, तिथे ती जाळी टिकत नाही. एकच वाट उरत होती. जांघ उघडून तिथली धमनी साफ करायची आणि त्याच वाटेने वर तार सरकवून ओटीपोटात स्टेंट बसवायचा.

आता गंमत अशी की, सर स्टेंटच्या विरोधात होते. डॉक्टरांच्या एका सभेत अमरावतीचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. बोबडे स्टेंटवर बोलत असताना सरांनी उठून त्यांना चार शब्द सुनावले होते. तेव्हापासून दोघांत बोलणे नव्हते. त्याच बोबड्यांना सरांनी स्वतः फोन लावला आणि या म्हणून सांगितले. आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. बोबडे आले, तेही गोंधळलेलेच. आपल्याला मदतीला बोलावले आहे की भांडायला, असे त्यांनी मला हळूच विचारले. मला तरी कुठे ठाऊक होते?

शस्त्रक्रियेआधी करीमभाईंच्या पत्नी शमीमबी सरांना भेटल्या. "साहेब, पाय ठेवसान ना?"

"कोसिस करतो, बाई. वाचते का नाई, मले माईत नाई."

मी मनातून चरकले. इतके कोरडे कोणी बोलते का? पण शमीमबींच्या चेहऱ्यावरचा ताण उतरला. नंतर त्या मला म्हणाल्या की, आतापर्यंत सगळ्यांनी ठणकावूनच सांगितले होते, हे पहिलेच साहेब खरे बोलले.

मी कमरेतून भूल दिली, त्यामुळे करीमभाई जागे होते. सरांनी जांघेतली धमनी उघडून आतला कठीण थर सोलून काढला आणि शिरेचा तुकडा लावून ती शिवली. तिथूनच बोबड्यांनी तार वर नेऊन स्टेंट बसवला. रक्त जोरात खाली आले. आम्ही सुटकेचा निःश्वास सोडला, पण पाय पांढराच राहिला.

क्ष-किरणाचे यंत्र हाडांच्या विभागातून मागून आणलेले होते. गुडघ्याखालचे चित्र अंधूक दिसत होते. बोबड्यांच्या मते धमनी आकसली होती आणि ती सैल होईपर्यंत थांबायला हवे होते. सरांना वाटत होते की, रक्ताची एखादी गाठ निसटून खाली अडकली असावी. मग सर सर्वांना ऐकू जाईल असे म्हणाले, "मले समजून नाई राहिलं."

शल्यचिकित्सकाच्या तोंडून, उघड्या जखमेपाशी, मी हे वाक्य कधी ऐकले नव्हते. पडद्याच्या अलीकडून करीमभाई शांतपणे म्हणाले, "मले बी नाई समजत, साहेब. तुमी दोघं ठरवा."

सरांनी बोबड्यांना पुन्हा सगळे विचारले, अडवले नाही. आपण गाठ ओढून काढायला खाली फुगा घातला आणि बोबडे बरोबर निघाले, तर धमनी विनाकारण दुखावेल. थांबलो आणि आपण बरोबर निघालो, तर पाय जाईल, असे त्यांनी मांडले. बोबड्यांनी होकारार्थी मान हलवली. जांघ उघडीच होती, म्हणून हे तिथल्या तिथे करता आले. टाक्यांची एक कड उसवून सरांनी फुग्याची बारीक नळी खाली घातली, फुगा फुगवला आणि ती अलगद ओढली. काळसर गाठ बाहेर आली. पायावर रंग हळूहळू चढत गेला. काळी पडलेली दोन बोटे पुढे काढावी लागली, पण पाय राहिला. करीमभाई पुन्हा मशीनवर बसू लागले.

बाहेर येऊन सरांनी शमीमबींना सांगितले की, पाय डॉक्टर बोबड्यांनी वाचवला. मी चक्रावले, बोबडे तर माझ्याहून जास्त. गाठ तर सरांनी काढली होती. मग नाव बोबड्यांचे का सांगितले, असे मी विचारताच सर म्हणाले, "त्यायच्या जाळीतून रगत आलं नसतं, तं म्या गाठ काढून काय केलं असतं?"

हे उत्तर बरोबर आहे, तरी माझ्या प्रश्नाचे ते उत्तर आहे का, याविषयी मला अजून खात्री नाही. त्या सभेतला राग गेला कुठे, हेही त्यांनी कधी सांगितले नाही. पुढे ते दोघे मिळून असे कित्येक पाय वाचवत राहिले आणि शस्त्रक्रियेगणिक वादही घालत राहिले.

या अंकासाठी काय लिहू, असे मी सरांना विचारले, तेव्हा ते म्हणाले, "जे समजलं ते लिवा. नाई समजलं तं तसंही लिवा." मी आज्ञा पाळली आहे. सरांना उत्तम आरोग्य लाभो, आणि त्यांना नीट समजून घ्यायला आम्हांला जितकी वर्षे लागतील, तितकी सगळी त्यांना मिळोत. माझ्या अंदाजाने ती पुष्कळ आहेत.