फुलं झडायच्या आत

आमची हार्टली नदी जेमतेम अकरा मैलांची. वरच्या तळ्यातून पूर्वी लाकडाचे ओंडके वाहत यायचे, मधल्या वळणावर गायी पाणी पितात नि पोरं डुंबतात, खाडीच्या तोंडाशी चिखलात शिंपल्या मिळतात. पण नदीचा खरा रुबाब मे महिन्यात, समुद्रातून गॅस्परो मासे वर चढतात तेव्हा. मांस कमी नि काटेच फार, तरी आमचा जीव त्यांच्यात.

जाळी सोडायला काठावर लाकडी माचे आहेत. पुलाजवळच्या झुडपाची पांढरी फुलं झडायच्या आत ज्याचं जाळं पाण्यात नाही, त्याचा माचा शेजाऱ्याचा. पडक्या गिरणीखालचा माचा सर्वांत चांगला, कारण मासे तिथे दम खायला थांबतात. तो लॉटीमावशीच्या वडिलांचा होता. एका वसंतात ते न्यूमोनियाने अंथरुणाला खिळले, फुलं झडली, आणि शेजारच्या ऑल्डनच्या बापाने माचा घेतला.

मावशीने पुढे पन्नास वर्षं ऑल्डनला सुखाचा घास खाऊ दिला नाही.

"कसे लागतात रे माझ्या बापाचे मासे?" ती शेजारच्या माच्यावरून ओरडायची.

"तुझ्या जिभेपेक्षा काटे कमी आहेत!"

यंदा हिवाळ्याच्या शेवटी ऑल्डन बर्फावर घसरला, खुबा मोडला. फुलं झडू लागली. मावशी नुसती घरात बसून राहिली असती, तरी माचा आपोआप तिचा झाला असता. खरं सांगतो, ती बसेल असंच मला वाटलं होतं.

सकाळी पुलावर गेलो तर शहात्तर वर्षांची ही बाई ऑल्डनच्या माच्यावर उभी, त्याचं जाळं एकटीच पाण्याकडे ओढत होती.

"मावशी, तुझा माचा तो पलीकडचा!"

"आंधळी नाही झाले अजून. दोर धर, बडबड नको."

जाळं पाण्यात गेलं तशी ती खाली टेकली. "माझा बाप खिडकीतून फुलं झडताना बघत होता रे. मी शेजारीच बसले होते."



दुपारी ती तळलेले मासे घेऊन ऑल्डनकडे गेली आणि पलंगाशी बसून काटे काढू लागली.

"कुठल्या माच्यावरचे?" त्याने विचारलं.

"माझ्या बापाच्या."

"लॉटी, घेऊन टाक तो माचा. तुमचाच होता."

"आधी चालायला लाग," मावशी म्हणाली. "तू नसलास तर तिथे भांडू कुणाशी?"