वटवट्या गेला नव्हता

दोन आठवड्यांपूर्वीचा रविवार. सकाळी साडेसहाला टाऊन हॉलच्या बागेत पोचलो तर दिलीप आधीच गळ्यात दुर्बीण अडकवून बाकावर बसलेला... तो एसटी वर्कशॉपमध्ये मेकॅनिक, मी निवृत्त शिक्षक. गेली नऊ वर्षं दर रविवारी आम्ही दोघं इथे पक्षी बघतो.

मार्च म्हणजे पाहुण्यांचे परतायचे दिवस. थंडीत उत्तरेकडून आलेले पक्षी आता निघतात. त्यातला माझा लाडका वटवट्या... अंगठ्याएवढा, पानाच्याच रंगाचा. उंच झाडात तो दिसत नाही, आवाजावरूनच ओळखायचा.

दोन वर्षं मला तो भेटलाच नव्हता. गेल्या वर्षी मी इथेच पोस्ट टाकली होती, 'आपल्या शहरातून वटवट्या गेला.' तुम्ही खूप जण हळहळलात. एका शाळेत बोलावलं होतं, तिथे मुलांनाही तेच सांगून आलो... तोडलेली झाडं, धूर, गाड्या, सगळ्यांना दोष देऊन.

त्या दिवशीही म्हणालो, "यंदा पण नाही बघ. संपलं."

दिलीपने मोबाईलवर पक्ष्यांचे आवाज ओळखणारं ॲप सुरू केलं. स्क्रीनवर आधी बुलबुल आला, मग शिंपी... आणि मग वटवट्या. ते नाव पुन्हा पुन्हा उजळत होतं.

"चुकतंय रे तुझं ॲप," मी हसलो.

त्याने मान खाली घातली. "सर, वरडतोय की त्यो. मघाधरनं. डोक्यावरच हाय."

मी श्वास रोखून ऐकलं. कावळे ऐकू आले, रस्त्यावरचा हॉर्न ऐकू आला. वर मात्र काहीच नाही... नुसती पानं.

"तुला कधी कळलं हे?"

"गेल्या वर्षीच. तुमी पोस्ट टाकली तवा. पण कसं सांगायचं, सर? ह्यो आवाज तुमीच शिकवलाय न्हवं मला."

त्या दिवशी आम्ही लवकर घरी गेलो.

मंगळवारी कानाच्या डॉक्टरांकडे तपासणी झाली. बारीक, उंच पट्टीचे आवाज गेलेत आणि ते परत येणार नाहीत, असं त्या म्हणाल्या. कानाच्या मशीनने माणसांचं बोलणं नीट ऐकू येईल, पक्ष्यांचं सांगता येत नाही.

घरी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मला वाटायचं, तुम्ही मुद्दाम उत्तर देत नाही..."

हे जास्त लागलं.

म्हणून ही पोस्ट. वटवट्या कुठेही गेला नव्हता. तो दर वर्षी येत होता, बोलतही होता. चूक माझी होती... माफ करा. त्या शाळेतही जाऊन सांगणार आहे.

परवाच्या रविवारी पुन्हा बागेत गेलो. दिलीपने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि वर वटवट्या बोलला की बोटाने हळूच दाबायला लागला. कधी एकदा, कधी लागोपाठ चार-पाचदा... मग बोट थांबलं.

"गेला?"

"न्हाय, हाय अजून. गप बसलाय."

थँक्यू, दिलीप... खरं सांगितलंस म्हणून. आणि वर्षभर सांगवलं नाही तुला, त्याबद्दलही.