जेवण आमच्याकडे, नाटक बुवांकडे

ठिकाण: कोरगाव, आमचे अंगण. प्रसंग: सत्यनारायणाची पूजा. साक्षीदार: मी स्वतः, अर्जलेखक.

काल मुलीने शाळेच्या संमेलनासाठी तोंडाला खोबरेल चोळून रंग लावला आणि खोबरेलाच्या वासासरशी पूजेची ती जुनी सायंकाळ समक्ष उभी राहिली. काकांनी पानाचा विडा देऊन दशावतारी नाटक ठरवले होते. नाटकमंडळी तोंडे रंगवायला बसली, तोच शेजारचे आजोबा वारले.

“शेजारी मडा आसताना मृदंग कसो वाजतलो?” काका म्हणाले. प्रेत उचलेपर्यंत आमची चूलही पेटणार नव्हती. अर्धवट रंगलेल्या राजाने पाव-केळी खाल्ली.

नाटक रद्द झाले, म्हणून मी तडजोडीसाठी कागद काढला, तर काका मंडळींना म्हणाले, “तुमचा जेवण माझ्यार रवला.” मंडळाचे बुवा उसळले, “विडो आमी घेतलो! नाटक आमच्यार रवला!” दोघेही देणेकरी, फिर्यादी कोणीच नाही. तेव्हा कागद वाया गेल्याचा राग आला होता. आज वाटते, इतके सुंदर भांडण माझ्याकडे पुन्हा आलेच नाही.

काका आता नाहीत. जेवणाचे देणे वारसाहक्काने माझ्याकडे आले आहे. सबब बुवांना नम्र विनंती की, येत्या पूजेला नाटकासह यावे, पोटभर जेवावे आणि किती पाने मांडावीत ते आगाऊ कळवावे.