मधला नकाशा

चष्म्याच्या दुकानामागच्या खोलीत बसून तो सव्वीस वर्षं लेन्स घासत होता. फ्रेममध्ये लेन्स बसताना केसाएवढी फट राहिली तर तो ती पुन्हा कापायचा, मग गिऱ्हाईक बाहेर कितीही खोळंबो. त्यामुळे दुकानात त्याला सगळे मिलिमीटर म्हणत. नावामागे जराशी चेष्टा होती, पण त्याला ती पदवीच वाटायची.

घरी त्याचा एकच शौक, लाकडाची छोटी जहाजं. त्यासाठी एक मासिक यायचं. लेख बेताचे, जाहिराती फार, पण मधोमध दोन पिना काढल्या की चार घड्यांचा मोठा नकाशा बाहेर पडायचा. त्यात जहाजाचे भाग खऱ्या मापात छापलेले. नकाशा खळ लावून प्लायवूडवर चिकटवायचा आणि रेघेवरून बारीक करवत चालवायची, बस. छापलेल्या नकाशाला पट्टी लावायची नाही, हा या मंडळींचा अलिखित नियम. पट्टी लावणं म्हणजे सख्ख्या आईला ओळखपत्र मागणं.

हेच मासिक दुसऱ्या गावी दाजींकडेही जायचं. दाजी म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीचे यजमान, बसचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांना या नादाला त्यानंच लावलं होतं. दोघं एकच जहाज एकाच वेळी करत, आणि दर रविवारी सकाळी दहाला फोनवर एकमेकांची उलटतपासणी घेत.

तीन वर्षांपूर्वी ताई गेली. ती आजारी असताना दाजी फोनवर "बरी आहे, बरी आहे" म्हणत राहिले, आणि हा पोचला तेव्हा सगळं आटोपलेलं होतं. त्याबद्दल तो त्यांना एक शब्द बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं. त्याऐवजी त्यानं बाकीचं सगळं बोलणं बंद केलं. कसे आहात नाही, काय खाल्लंत नाही. रविवारी दहाला फोन, नकाशा समोर, अमुक फासळी बसली का, तमुक फळी वाकली का, आणि ठेवला. दोघांमध्ये उरलं होतं ते एवढंच, आणि ते मासिकाच्या दोन पिनांवर लटकत होतं.

तीन डोलकाठ्यांचं मोठं जहाज चोवीस भागांत यायचं होतं. पंधरा भाग झाले. पंधराव्या अंकाच्या तिसऱ्या पानावर चौकट होती: 'तुमचं लाडकं मासिक आता तुमच्या खिशात! पुढील अंकापासून फक्त ऑनलाइन.' वर संपादक हसताना.

"यांना हसू कसलं येतंय?" तो बायकोला म्हणाला.

"वर्गणी आधीच भरलीये ना तू," बायको म्हणाली. "म्हणून."

त्यानं चार पत्रं लिहिली. पहिलं विनंतीचं, दुसरं रागाचं, तिसऱ्यात नकाशाच्या कागदाचा जादा खर्च सोसायची तयारी, आणि चौथ्यात पुन्हा राग. चारींना एकच उत्तर आलं: आपला प्रतिसाद आमच्यासाठी मोलाचा आहे. मासिकाच्या ऑनलाइन पानाखाली बाकीचे वाचकही तुटून पडले होते. एकानं लिहिलं होतं, बत्तीस वर्षांचे अंक बायकोचा विरोध पत्करून सांभाळले, आता तिला काय तोंड दाखवू? दुसरा म्हणत होता, चहा सांडला तर कागद वाळतो, फोन वाळत नाही. मिलिमीटरनं एकेकाला अंगठा दिला. पालथ्या घड्यावर पाणी, दुसरं काय.

सोळावा अंक बायकोच्या टॅबवर उघडला. नकाशा होता, पण काडेपेटीएवढा. बोटानं मोठा केला तर जहाजाचं नाक उरलं आणि शेपूट गायब. त्यानं काचेवर बटर पेपर धरून गिरवायला घेतलं. पेन्सिल टेकली की नकाशा सरकायचा. कोपरा गिरवून झाला की मधेच शिवणयंत्राची जाहिरात यायची. अर्ध्या तासानं बायकोनं टॅब काढून घेतला, तिची मालिका सुरू होत होती.

मग तो झेरॉक्सवाल्याकडे गेला. त्यानं नकाशा चार कागदांवर छापून दिला. घरी येऊन ते चिकटपट्टीनं जोडले, खळ लावली आणि सोळावी, सतरावी अशा दोन्ही फासळ्या कापून काढल्या. जहाजाच्या कण्यावर बसवल्या, बाजूची फळी वरून टेकवली, तर फळी आणि फासळ्यांच्या मध्ये नख जाईल एवढी फट.

तो फटीकडे बघत बसला. मग आयुष्यात पहिल्यांदा त्यानं छापलेल्या नकाशाला पट्टी लावली. लेखात लिहिलं होतं, सतरावी फासळी एकसष्ट मिलिमीटर. कागदावर एकोणसाठ भरली. झेरॉक्सच्या मशिननं पानाला समास सोडायचा म्हणून गुपचूप नकाशा आवळला होता. आणि ज्याचं नावच एक माप होतं, तो न मोजता मोकळा झाला होता. त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मासिकावर, मशिनवर आणि सगळ्यात जास्त स्वतःवर.

त्या रागातच रविवार उजाडला.

"दाजी, सतरावी बसली का?"

"बसली की," दाजी म्हणाले. "मस्त बसली."

"छापून कुठे घेतलीत?"

"इथंच. कोपऱ्यावर."

"मोजा बरं. किती भरतेय?"

पलीकडे खण उघडून मिटल्याचा आवाज आला. मग दाजी म्हणाले, "बेचाळीस."

"बेचाळीस? पंधरावी चौसष्ट आणि सतरावी बेचाळीस? जहाज करताय की पेन्सिल?"

"माझी पट्टी जुनी आहे."

"पट्टीला कशाला मधे आणता? तुम्ही अंक बघितलेलाच नाही." त्याचा आवाज चढला, आणि तीन वर्षं दाबून धरलेलं बाहेर पडलं. "तुम्हाला खरं सांगायला काय होतं हो? तेव्हाही तेच. बरी आहे, बरी आहे. माझी बहीण होती ती. मला शेवटचं भेटता आलं नाही."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला. बायको दारात येऊन उभी राहिली.

"ते चुकलंच माझं," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "रोज वाटायचं, उद्या उतार पडेल, मग सांगू. उगाच तू धावत येशील. आणि मग सांगायला उद्या राहिलाच नाही."

मिलिमीटरनं समोरची सतरावी फासळी उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

"आणि अंक नाही बघितला, खरं आहे. माझा फोन बटणांचा. त्यात कसलं मासिक येतंय? पण तसं सांगितलं असतं, तर पुढच्या रविवारी तू माझा फोन कशाला उचलला असतास?"

मिलिमीटरनं बायकोकडे पाठ केली. "ठेवतो," एवढंच म्हणाला आणि ठेवला.

सोमवारी दुकानातून येताना त्यानं मोठा कागद आणला. लेखातली मापं खडूनं स्वयंपाकघराच्या ओट्यावर उतरवून घेतली, बायकोची बोलणी खाल्ली, आणि चार संध्याकाळी बसून अख्खा सोळावा नकाशा हातानं काढला, खऱ्या मापात. एक रेघ दोनदा खोडली. प्रत्येक फासळीला नंबर घातला. मासिकवाल्यांना शिव्या देणं मात्र चालूच होतं. एवढं करून हे लोक वर्गणी परत देणार नाहीत ते नाहीतच, असं तो दर दहा मिनिटांनी म्हणायचा. शेवटी कागदाला मासिकासारख्याच चार घड्या घातल्या आणि शुक्रवारी सकाळी पोस्टात टाकला. तो रविवार फोनाविनाच गेला. दहा वाजता तो उगाच टेबल पुसत होता.

त्याच्या पुढच्या रविवारी दहाला दोन मिनिटं कमी असतानाच फोन वाजला.

"आला," दाजी म्हणाले. "घड्या बरोबर आहेत."

"मग?"

"सतरावी एकसष्ट. पट्टी लावून बघितली."

"नकाशाला पट्टी लावायची नसते, दाजी."

"तू काढलास म्हणून लावली. छापलेला असता तर नसती लावली."

इतक्या दिवसांत पहिल्यांदा मिलिमीटरला हसू आलं, पण त्यानं ते फोनात जाऊ दिलं नाही. अजून आठ नकाशे काढायचे होते. बोटं आत्ताच दुखत होती, आणि टॅबवर मासिकाचा निरोप येऊन पडला होता: तुम्ही या महिन्याचा अंक पूर्ण वाचलेला नाही.

"बरं, मग पुढच्या रविवारी," दाजी नेहमीसारखं म्हणाले.

"दाजी, थांबा." त्यानं रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला. "जेवणाचं काय करता तुम्ही? कोण करतं?"

पलीकडे वाजणारा रेडिओ बंद झाला.

"मीच करतो," दाजी म्हणाले. "मीठ कधी कमी पडतं, कधी जास्त."

"मोजून घालत नाही ना," मिलिमीटर म्हणाला, आणि खुर्ची ओढून बसला.