हिरामावशींचा उच्चार

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही – नवऱ्यालाही नाही. पण सांगताना उगाच गरीब चेहरा करणार नाही. मला इटालियन येतं, उत्तम येतं. ठाण्यात बारा वर्षं क्लास घेतेय. पहिल्या वर्षी मात्र – एक गोष्ट येत नव्हती.

हिरामावशी बाळकुमच्या, पंचावन्नच्या पुढच्या. मुलगा इटलीत, सून तिथलीच, नात चार वर्षांची. नातीशी बोलायचं म्हणून त्या कॉलेजच्या मुलांमध्ये येऊन पहिल्या बाकावर बसायच्या.

त्या दिवशी आम्ही क्रियापदांची अक्षरं पाडत होतो. आबितानो – म्हणजे ‘ते राहतात’. आ-बि-ता-नो. आघात कुठे? मी ठोकून दिलं – शेवटून दुसऱ्या अक्षरावर, ‘ता’वर.

“मॅडम, माझी सून तं पहिल्या ‘आ’वर जोर देते,” मावशी म्हणाल्या.

मुलं माझ्याकडे बघायला लागली. शब्दकोश उघडायचा होता – एवढंच ना? मी म्हटलं, “घरातलं बोलणं वेगळं, मावशी, व्याकरण वेगळं.” आणि ‘ता’वर जोर देऊन त्यांच्याकडून दहा वेळा म्हणून घेतलं. मुलं हसली. मावशीही हसल्या – ओशाळून.

डोंबिवलीला घरी आल्यावर शब्दकोश पाहिला. आघात पहिल्याच अक्षरावर.

इथवर ती चूक होती. चूक कुणाचीही होते, नाही का? पुढचं मी जाणूनबुजून केलं.

पुढच्या रविवारी मावशी सगळ्यांच्या आधी आल्या. “तुम्ही शिकवलं तसं फोनवर बोलले, तर नात खदाखदा हसली. माझीच जीभ जड, ना मॅडम?”

वर्गात आम्ही दोघीच होतो. एक वाक्य पुरलं असतं. मी म्हटलं, “सराव वाढवा.”

दोन आठवड्यांनी त्या यायच्या बंद झाल्या. मी फोन केला नाही. उलट – सुटल्यासारखं वाटलं. पुढच्या बॅचला तोच शब्द बरोबर शिकवला, अगदी ऐटीत.

गेल्या महिन्यात ठाण्याच्या मार्केटात त्या दिसल्या. सोबत सुट्टीला आलेली नात, सोळा वर्षांची. दोघी खुणांनी बोलत होत्या. मला बघून मावशींनी माझा हात धरला आणि भाजीवालीला सांगितलं, “या माझ्या मॅडम. लई हुशार. मलाच नाही जमलं.”

नात आमच्याकडे बघत उभी होती. तिच्या भाषेत तिला खरं काय ते सांगणं मला सहज आलं असतं.

मी “येते” म्हटलं आणि रिक्षात बसले.