दवाखान्याच्या अंगणातली तुती

दवाखान्यातल्या कंपाउंडरने त्यांना पहिल्याच आठवड्यात कागदताई म्हणायला सुरुवात केली आणि ते नाव असं चिकटलं, की खरं नाव पगाराच्या कागदापुरतंच उरलं. काम तसं छोटं. छातीच्या रोग्यांच्या त्या दवाखान्याच्या गच्चीवर हवा मोजायचं यंत्र होतं. पत्र्याची उभी पेटी, वर छोटं छप्पर, आत धडधडणारी मोटर. रोज सकाळी नऊला बेचाळीस पायऱ्या चढायच्या, छप्पर उचलायचं, वहीच्या पानाएवढा फिल्टर पेपर चिमट्याने काढून पाकिटात घालायचा आणि त्या जागी कोरा बसवायचा. यंत्र चोवीस तास हवा ओढायचं, हवेत असेल ते कागदावर बसायचं आणि प्रयोगशाळेत त्याचं वजन व्हायचं.

दुधासारखा पांढरा घातलेला कागद दुसऱ्या दिवशी तव्याच्या बुडासारखा निघायचा. दोन गल्ल्या पलीकडे फाउंड्री होती आणि तिच्या भट्ट्या दगडी कोळशावर चालायच्या. त्याच फाउंड्रीत कागदताईंच्या यजमानांनी सव्वीस वर्षं वितळलेलं लोखंड साच्यांत ओतलं होतं. आता ते घरी खिडकीपाशी बसून दम खायचे.

"माझं वजन काही वाढत नाही, तुझ्या कागदाचं मात्र बरं वाढतं गं," ते म्हणायचे.

"तुम्हीच नाही का त्याला इतकी वर्षं खाऊपिऊ घातलंत?" कागदताई म्हणायच्या. दोघं हसायचे. मग यजमानांना खोकल्याची उबळ यायची आणि कागदताई पाण्याचा पेला घेऊन उठायच्या.

दवाखान्याच्या अंगणात तुतीचं एक झाड होतं. जुनं, एका माणसाच्या कवेत न मावणारं. पण त्याची रया गेली होती. फाउंड्रीकडच्या अंगाला पानं यायची ती अंगठ्याएवढी, आणि त्यांच्या कडा निखाऱ्यावर धरल्यासारख्या तपकिरी. ऐन उन्हाळ्यात, सावली हवी असायची तेव्हा, ती गळून पडायची. फळ धरून तर चार वर्षं झाली होती. शेवटी शेंडाच वाळला. वाळकी फांदी एखाद्या रोग्याच्या डोक्यात पडायची, म्हणून झाड तोडायचं ठरलं. करवतवाले येऊन उभेसुद्धा राहिले.

दवाखान्याच्या माळीकाकांनी त्यांना थांबवलं. ते अबोल गृहस्थ होते, अडलं तरच बोलायचे. त्या दिवशी ते कागदताईंना म्हणाले, "ताई, नख आहे ना? खरवडा इथे."

कागदताईंनी बुंध्यावरच्या एका कोवळ्या जागी सालीत नख रुतवलं. आत हिरवं होतं, ओलसर.

"मेलेलं नाहीये. श्वास कोंडलाय म्हणून अंग चोरून बसलंय. सालीखाली त्याचे डोळे शाबूत आहेत. बरे दिवस आले की तिथूनच फुटेल."

तेवढ्यावर करवतवाल्यांनी फक्त वाळका शेंडा उतरवला आणि ते गेले.

पुढच्या आठवड्यात कागदताईंनी पाकिटाबरोबर एक पान प्रयोगशाळेत नेलं. तिथल्या मॅडमनी ते उलटं करून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. कागदताईंनी डोळा लावला. पानाच्या पाठीवर ओठांसारखी बारीक बारीक तोंडं होती आणि बहुतेकांत काजळी गच्च बसली होती.

"ह्यांतून ते हवा घेतं," मॅडम म्हणाल्या. "धूर फार झाला की स्वतःच तोंडं मिटतं. मग अन्न तयार होत नाही, पान लहान राहतं, लवकर गळतं. झाडाला पळून जाता येत नाही ना, मग ते अशी काटकसर करतं."

कागदताईंनी पुन्हा सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला. त्यांना घरची खिडकी आठवत होती.

दर रविवारी त्या लांब नळी लावून तुतीला आंघोळ घालू लागल्या. काळं पाणी ओघळायचं. कंपाउंडर वरून ओरडायचा, "ताई, साबण देऊ का?" त्या म्हणायच्या, "दे की, आधी तुझं तोंड धुते." ह्या धुण्याने झाड बरं होणार नव्हतं, हे त्यांना कळत होतं. पण दोन दिवस तरी त्याला मोकळा श्वास मिळत असेल, एवढ्यावर त्यांचं समाधान होतं.

खरी सुटका झाली ती भट्ट्या बदलल्या तेव्हा. कागदताईंच्या अकरा वर्षांच्या कागदांचे आकडे मॅडमनी एका सभेत मांडले. फाउंड्रीवाल्यांनी आधी कां-कूं केलं, मग कोळसा बंद करून विजेच्या भट्ट्या बसवल्या. कागद करडे निघू लागले, पुढे फिके पिवळट. पहिल्या वर्षी तुती ढिम्म होती. दुसऱ्या वर्षी मात्र जाड बुंध्यावर, कुणी अपेक्षाही करणार नाही अशा जागी, सालीला फोडून कोंब बाहेर आले. तिसऱ्या वर्षी पान तळहाताएवढं झालं आणि हंगामभर टिकलं. बुंध्यावर दगडफुलासारखे करडे-हिरवे ठिपके धरले. मॅडम ते पाहून हरखल्या, कारण घाण हवेत ते तग धरत नाहीत.

चौथ्या वर्षी एक फांदी गच्चीच्या कठड्यावरून आत आली आणि तपासणीला आलेल्या साहेबांच्या डोळ्यांवर आली.

"यंत्राच्या इतक्या जवळ झाड चालत नाही, नियम आहे," साहेब म्हणाले. "पानं धूळ पकडतात, आकडे कमी येतात. झाड काढा, नाहीतर इथले आकडे धरणार नाही."

"मग यंत्र त्या कोपऱ्यात हलवू या, साहेब."

"झाडाला एक सही लागते, यंत्र हलवायला सहा लागतात, बाई."

"मग आणते की सहा."

साहेबांना वाटलं, बाई बोलायचं म्हणून बोलतेय. पण कागदताईंनी अर्ज लिहिला आणि दुसऱ्या दिवसापासून उंबरे झिजवायला सुरुवात केली. एक अधिकारी रजेवर, एकाचा शिक्का हरवलेला, एक म्हणाला आधी पाचव्याची आणा, पाचवा म्हणाला आधी चौथ्याची. मॅडमनी तोवर एक महिना दोन यंत्रं चालवायची परवानगी काढली, एक झाडापाशी आणि एक पलीकडच्या कोपऱ्यात. तीसही दिवस झाडाजवळचा कागद दुसऱ्यापेक्षा उजळ निघाला.

साहेब कागद पाहून म्हणाले, "बघा, मी म्हणालो नव्हतो? झाड यंत्राला खोटं बोलायला लावतंय."

"तुमचं बरोबर आहे, साहेब," कागदताई म्हणाल्या. "यंत्र तिकडे न्यायलाच हवं. पण जी धूळ यंत्रापर्यंत आली नाही, ती खाली बसलेल्या रोग्यांच्याही छातीत गेली नसेल ना?"

साहेबांनी चष्मा काढून पुसला. पाच सह्या तोवर जमल्या होत्या, सहावी त्यांचीच होती. ती त्यांनी तिथेच उभ्याउभ्या केली.

यंत्र हललं. डॉक्टरांनी रोग्यांची बाकं बाहेर तुतीखाली मांडून घेतली. यजमान तपासणीला येत तेव्हा तिथेच बसत. त्यांच्या फुप्फुसांना काही नवे कोंब फुटले नाहीत, पण डॉक्टर म्हणाले, दोन वर्षांत धाप आणखी वाढलेली नाही. "हेही नसे थोडके," यजमान म्हणाले, आणि घरी चालतच निघाले. वाटेत तीनदा थांबले, एवढंच.

त्याच उन्हाळ्यात तुती फळली. अंगणभर जांभळा सडा पडला. डॉक्टरांच्या पांढऱ्या कोटाला डाग पडले, कंपाउंडरच्या बोटांना पडले. कागदताईंनी एक डबा भरला आणि माळीकाकांचं घर शोधत गेल्या. काका आता लेकीकडे राहायचे. त्यांना दिसत नव्हतं.

"कोण?"

"मी, गच्चीवरची."

त्यांनी डबा हातात दिला आणि वर एक पान ठेवलं. काकांनी ते बोटांनी कडेकडेने चाचपलं, उलटं केलं, पाठीवरून अंगठा फिरवला.

"हे फाउंड्रीकडच्या अंगाचं?"

"हो."

"भरलंय चांगलं. तरी ती बाजू जरा हडकुळीच राहील हं, ताई. सोसलेलं पुरतं भरून येत नाही."

"राहू दे, काका. उभं आहे ना." कागदताई त्यांच्या पायांपाशी वाकल्या. "तुम्ही त्या दिवशी करवत थांबवलीत म्हणून."

काका ओशाळले. लेकीला हाक मारून म्हणाले, "अगं, ताट आण. आणि मीठ आण थोडं. ताई, बसा, सगळे मिळून खाऊ या."